पाहणारे पुष्कळ

शिन्या त्सुकामोतो या जपानी दिग्दर्शकाचे नाव आपल्याकडील चित्रपटवेड्या मंडळींत निघते ते बहुधा 'तेत्सुओ' (१९८९) या चित्रपटाच्या निमित्ताने. माणसाच्या देहातून लोखंड उगवू लागण्याचे ते दुःस्वप्न ज्यांनी एकदा पाहिले, ते सहसा विसरत नाहीत. याच त्सुकामोतोने २००२ साली 'रोकुगात्सु नो हेबी', म्हणजे 'जूनमधला साप', या नावाचा एक चित्रपट केला. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातील एका विभागात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले, तरीही तो आपल्याकडे फारसा कुणाच्या पाहण्यात नाही. ओझू, मिझोगुची, कुरोसावा यांच्या पंगतीत त्याला बसवावे असा आमचा आग्रह मुळीच नाही. मात्र एकटेपणा, चोरून पाहणे आणि वासना या तिघांचा आपापसांतील व्यवहार जेमतेम सव्वा तासात उलगडून दाखवणारा हा चित्रपट आमच्या मनातून जाता जात नाही, आणि तो का जात नाही याचा शोध घेताना आम्ही जपानपासून बरेच लांब, आपल्याच ओसरीवर येऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कथा थोडक्यात अशी. रिंको ही तरुण स्त्री मानसिक आधार देणाऱ्या एका केंद्रात दूरध्वनीवरून लोकांची दुःखे ऐकण्याचे काम करते. तिचा नवरा शिगेहिको वयाने बराच मोठा, डोक्यावर केस नसलेला आणि स्वच्छतेच्या वेडाने झपाटलेला. घरातील मोऱ्या आणि न्हाणीघर घासण्यात त्याचा जीव रमतो. दोघांत भांडण नाही, आणि स्पर्शही नाही. एके दिवशी रिंकोच्या हाती एक पाकीट पडते. त्यात तिचीच छायाचित्रे असतात. आपल्याला कुणी पाहत नाही अशा समजुतीने ती स्वतःच्या देहाशी जशी वागली, त्या क्षणांची. पाठवणारा इगुची (ही भूमिका खुद्द त्सुकामोतोने केली आहे) व्यवसायाने छायाचित्रकार आहे, कर्करोगाने मरणाच्या दारात उभा आहे, आणि आत्महत्येच्या विचारात असताना त्याने ज्या स्त्रीला दूरध्वनी केला होता ती ही रिंकोच. तिने त्याला जगायला लावले. आता तो तिला म्हणतो की, तुझ्या मनात जे दडलेले आहे ते तूही कर. इगुचीच्या या वागण्याला सरळ भाषेत धमकी म्हणतात, याबद्दल आम्हांला संदेह नाही. पुढे नवराही बायकोला लपून पाहू लागतो. चित्रपटभर पाऊस कोसळत असतो, आणि सगळी चित्रचौकट एका ओल्या, निळसर रंगात बुडालेली राहते. यापुढचे सांगून न पाहिलेल्यांचा विरस करण्यात अर्थ नाही.

हा चित्रपट आम्ही पाहिला तो जूनमधल्याच एका रात्री, टेंभुर्णीस, संगणकाच्या लहानशा पडद्यावर. टेंभुर्णी म्हटले की बहुतेकांना पुणे-सोलापूर रस्त्यावरील, माढा तालुक्यातील टेंभुर्णी आठवते. आमची टेंभुर्णी ती नव्हे. ही जालना जिल्ह्यातील, जाफराबाद तालुक्यातील. जपानात जून म्हणजे 'त्सुयु', न थांबणाऱ्या पावसाचे दिवस. आमच्याकडे जून म्हणजे मृग लागूनही आभाळाकडे टक लावून बसण्याचे दिवस. बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडलेल्या, नांगरलेली काळी रात्रीसुद्धा ऊन सोडत असलेली, आणि पडद्यावर मात्र तोक्यो शहर गटारे भरून वाहेपर्यंत भिजत असलेले. हा विरोध गमतीचा होता. परंतु आमच्या मनात रुतून बसली ती गोष्ट वेगळीच होती.

ती गोष्ट अशी की, इगुची आणि रिंको यांची ओळख कानाने झालेली आहे. त्याने तिला पाहिले ते नंतर. आधी त्याने तिचा आवाज ऐकला, तिने त्याचे बोलणे ऐकून घेतले, आणि त्या ऐकून घेण्यामुळे तो जिवंत राहिला. चोरून पाहण्याच्या बहुतेक कथांत पाहणारा आणि पाहिली जाणारी यांच्यामध्ये एक काच असते आणि तिच्यातून आवाज येत नाही. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'मध्ये (१९५४) पाय मोडून खुर्चीत बसलेला छायाचित्रकार समोरच्या खिडक्या पाहतो. त्याला माणसे दिसतात, त्यांचे बोलणे मात्र तुटक, अर्धेमुर्धेच ऐकू येते, आणि उरलेले तो स्वतःच्या मनाने भरून काढतो. पाहणाऱ्याची सगळी मौज आणि सगळे पाप या भरून काढण्यात आहे. समोरचे माणूस बोलू लागले तर ही मौज संपते, कारण मग उत्तर द्यावे लागते. आम्हांला वाटते, लपून पाहणाऱ्याला खरे भय पकडले जाण्याचे कमी आणि उत्तर द्यावे लागण्याचे अधिक असते.

इंग्रजीत या वृत्तीला एक स्वतंत्र शब्द आहे. मराठीत तसा रुळलेला एक शब्द नाही. डोकावणे आहे, टेहळणे आहे, पाळत ठेवणे आहे, डोळा ठेवणे आहे, नजर लावणे आहे. क्रियापदे भरपूर, परंतु त्या सर्वांना मिळून एका विकृतीचे नाव द्यावे, असे आपल्या भाषेला वाटलेले दिसत नाही. कायद्याला ते वाटले, तेही उशिरा. २०१३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन भारतीय दंड संहितेत ३५४ सी हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ७७ वे कलम आहे. स्त्री खाजगी स्थितीत असताना, आपल्याला कुणी पाहणार नाही अशी तिची रास्त अपेक्षा असताना, कुणीही तिला पाहणे किंवा तिचे चित्र टिपणे हा आता गुन्हा आहे. इगुची आपल्याकडे असता तर या कलमाखाली आला असता. मात्र संपूर्ण आळी एखाद्या बाईच्या दाराकडे वर्षानुवर्षे पाहत बसली, तिच्याकडे कोण आले आणि किती वेळ थांबले हे मोजत बसली, तर त्याला या कलमात जागा नाही. असणारही नाही. दारात येणे-जाणे ही काही खाजगी स्थिती नव्हे.

एदोगावा राम्पो या जपानी लेखकाची १९२५ सालची एक कथा आहे. तीत जगण्याला कंटाळलेला एक भाडेकरू इमारतीच्या माळ्यावरून सरपटत जातो आणि फटींतून खालच्या खोल्यांतील माणसांना न्याहाळतो. १९७६ साली नोबोरू तानाका यांनी तिच्यावर चित्रपटही केला. ती कथा वाचताना आम्हांला आमची माळवदे आठवली. मराठवाड्यातील जुन्या गावांत घरे एकमेकांना इतकी चिकटून असत की एका माळवदावरून दुसऱ्यावर सहज जाता येई. उन्हाळ्यात सगळे गाव वर झोपे, पापड-कुरडया वर वाळत, आणि उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यातून खालच्या घरातील चूल, पाळणा, भांडण सगळे दिसे. राम्पोच्या भाडेकरूला त्यासाठी सरपटावे लागते, श्वास रोखावा लागतो, कारण त्याच्या शहरात माणसांना एकमेकांपासून लपवणाऱ्या भिंती आहेत. आमच्याकडे त्या नव्हत्या. मराठीत 'एकांत' आणि 'एकटेपणा' असे दोन शब्द आहेत, आणि त्यांतील अंतर ज्याला कळायचे असेल त्याने आमच्यासारख्या गावात राहून पाहावे. तेथे एकांत कुणालाच मिळत नाही, एकटेपणा मात्र मुबलक असतो.

आणि मग ध्यानात येते की आपल्या भाषेतील 'पाहणे' हे क्रियापद पहिल्यापासून निरागस नाही. 'मुलगी पाहायला येणे' असे आपण सहज म्हणतो. जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' हा चित्रपट (२०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, आपल्याकडे प्रदर्शित झाला मार्च २०२५ मध्ये) या एका क्रियापदावरच उभा आहे. विदर्भातील एका खेड्यात सविता नावाच्या मुलीला पुनःपुन्हा 'पाहिले' जाते. तेच आसन, तेच पोहे, नाव काय, शिक्षण किती, उंची किती. माणसे बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. येथे कुणीही लपलेले नाही. उलट पाहणाऱ्यांना मानाने बसवलेले आहे, त्यांच्यापुढे बशा ठेवलेल्या आहेत. प्रश्न विचारले जात असल्यामुळे वरवर ऐकणेही घडते. पण सविताला शिकायचे आहे, हे तिचे म्हणणे त्या बैठकीत कुणाच्याही कानावर पडत नाही.

परंतु 'जूनमधला साप' पाहून झाल्यावर त्या रात्री आम्हांला जी मराठी कृती आठवली ती याहून जुनी. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली रंगायनने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांचीच, छायाचित्रण गोविंद निहलानींचे, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत रंगमंचाप्रमाणेच सुलभा देशपांडे. नाटकाचे नाव मराठी माणसाला तोंडपाठ असते. चित्रपट मात्र आज थोड्यांनाच माहीत आहे. एरवी या नाटकाची चर्चा होते ती मध्यमवर्गीय दांभिकपणा, स्त्रीवरील सामूहिक हिंसा अशा अंगांनी, आणि ती योग्यच आहे. पण मराठीतील चोरून पाहण्याची सर्वांत मोठी कथा हीच आहे, असे आता आम्हांला वाटू लागले आहे.

आठवून पाहा. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम घेऊन एका खेड्यात येते. रात्रीच्या प्रयोगाला वेळ आहे. गावातल्या सामंताला अभिरूप न्यायालय म्हणजे काय ते समजावे म्हणून गंमत म्हणून एक खटला उभा केला जातो, आणि आरोपी म्हणून मंडळींतीलच शिक्षिका बेणारेबाई निवडल्या जातात. आरोप भ्रूणहत्येचा. पुढे एकेक साक्षीदार येतो आणि आपण काय पाहिले ते सांगतो. रोकडेने तिला संध्याकाळी प्राध्यापक दामल्यांच्या घरी पाहिलेले असते. पोंक्षेने तिच्या पर्समधून पडलेली विषाची बाटली पाहिलेली असते. ही सारी माणसे तिच्याबरोबर गाडीने प्रवास करतात, चहा पितात, तालमी करतात; आणि यांपैकी प्रत्येकाजवळ तिच्या आयुष्याचे एकेक चोरून काढलेले छायाचित्र जपून ठेवलेले आहे. इगुचीच्या पाकिटासारखेच ते योग्य वेळी बाहेर निघते. फरक एवढा की इगुची एकटा आहे आणि त्याचे पाकीट फक्त तिच्यासाठी आहे. येथे पाहणारी मंडळी आहे, तिला अध्यक्ष आहे, वकील आहे, शपथ आहे.

यातील सर्वांत विलक्षण साक्ष सामंताची. तो गावचा साधा, सज्जन माणूस. त्याला या बाईंविषयी काहीच ठाऊक नाही. तेव्हा तो हातातील कादंबरीच्या आधाराने एक प्रसंग रचतो की, आपण दामल्यांच्या खोलीशी गेलो आणि आतून बाईच्या रडण्याचा आवाज ऐकला. कधीही न घडलेले, दाराशी उभे राहून ऐकणे. आणि हा कल्पित प्रसंगच बेणारेच्या वर्मावर जाऊन बसतो. तेंडुलकरांनी येथे जे दाखवले आहे त्याने आजही अंगावर काटा येतो. दुसऱ्याच्या बंद दारामागे काय घडत असेल याची प्रत्येकाच्या मनात एक तयार कादंबरी असते, आणि ती वाचायला दुष्ट असावे लागत नाही.

शेवटी बेणारेला बोलायची संधी दिली जाते. ती दीर्घ स्वगत बोलते, आपले प्रेम, आपली फसवणूक, आपला देह, आपल्या पोटातील मूल, सगळ्याविषयी. पण ते बोलत असताना बाकीचे सारे गोठलेले असतात. त्यांच्या लेखी तिला दिलेली वेळ संपते आणि ती गप्पच राहिलेली असते. इतका वेळ तिच्या आयुष्यात डोकावणाऱ्या त्या खोलीत तिला ऐकणारे एकही माणूस नाही. त्सुकामोतोच्या चित्रपटात ऐकण्याने नाते सुरू होते आणि पुढे पाहण्यात बिघडते. तेंडुलकरांकडे ऐकणे मुळात येतच नाही. सगळे पाहून झालेले आहे, निकाल ठरलेला आहे, आणि प्रयोगाची वेळ झालेली आहे. जाताना सामंत आपला हिरव्या कापडाचा पोपट तिच्याजवळ ठेवून जातो. पुष्कळ समीक्षकांनी त्या पोपटात करुणा पाहिली आहे. ती आहेच. परंतु त्यानेही विचारलेले काही नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) या प्रश्नाला निराळ्या बाजूने हात घातला आहे. जब्या शालूला दुरून पाहतो. जातीने आखलेल्या अंतरावरून पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही नाही. शेवटी त्याचेच कुटुंब डुकरे पकडत असताना सगळे गाव तमाशा पाहावा तसे त्यांना पाहते, आणि त्यात शालूही असते. जब्याने भिरकावलेला दगड पडद्यातून थेट आपल्याकडे येतो. पाहिल्या जाणाऱ्याने पाहणाऱ्याला दिलेले इतके स्पष्ट उत्तर मराठी चित्रपटात दुसरे नाही. बेणारेजवळ दगड नव्हता. बहुतेकांजवळ नसतो.

आता ज्यासाठी हे सगळे मांडले, ते सांगणे भाग आहे. आमची एक आत्या होती. लग्नानंतर दोन वर्षांनी ती टेंभुर्णीस परत आली आणि पुन्हा गेली नाही. कारण घरात कधी बोलले गेले नाही. आजोबांनी तिला मागच्या बाजूच्या दोन खोल्या दिल्या, पायाने चालवायचे शिलाई मशीन घेऊन दिले, आणि पुढची चाळीसेक वर्षे तिने आळीतील बायकांची झंपरे आणि पोरींची परकर-पोलकी शिवली. तिच्या खोलीला रस्त्याकडे एक खिडकी होती. त्या खिडकीतला दिवा रात्री बारा-एकपर्यंत जळत असे, आणि तो किती वाजता विझला हे सकाळी पाणवठ्यावर सगळ्यांना ठाऊक असे. गावात जालन्याहून येणारी मुक्कामी एसटी असे. तिचा कंडक्टर महिन्या-पंधरा दिवसांनी आत्याच्या दाराशी कागदाची एक पुडी देऊन जाई. त्या पुडीत दोऱ्याची रिळे असत, हे आम्हांला ठाऊक होते, कारण रंग जुळवायला ती आम्हांला बसवी. गावाने मात्र पुडी आणि दिवा यांचा एक धागा लावला आणि त्याची कादंबरी केली. सामंताच्या हातात होती तशीच. कुणी तिला वाळीत टाकले नाही, कुणी वाईट बोलले नाही. कपडे शिवायला येणे थांबले नाही. फक्त तिच्या खोलीत आलेली बाई शिलाईचे पैसे दिल्यावर बसत नसे.

ती गेली त्यालाही आता चार वर्षे झाली. दहाव्याला आलेल्या माणसांनी तिच्याविषयी पुष्कळ सांगितले. कोणत्या साली कोणते लुगडे नेसली होती, कोणत्या जत्रेला गेली नव्हती, दिवा कधी उशिरापर्यंत होता. इतक्या बारकाईने पाहिले गेलेले दुसरे माणूस त्या आळीत नसेल. पण तिचा उजवा गुडघा वीस वर्षे दुखत होता, हे त्यांतील एकालाही माहीत नव्हते.

तिच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी खणात गुंडाळलेले एक गाठोडे निघाले. गाठ पक्की होती. हाताला आत वह्या लागत होत्या, आणि कडेला पाकिटांसारखे काही. चुलत भावंडे म्हणाली, "सोडा ना गाठ, बघू तर काय लिहून ठेवलंय आत्यानं." या 'बघू तर' मध्ये वाईट काहीच नव्हते. त्यांचे तिच्यावर प्रेम होते. त्यांतील एकीने तर असा युक्तिवाद केला की त्याला उत्तर देणे आजही आम्हांला सोपे वाटत नाही. ती म्हणाली, "जिवंतपणी तिचं कुणी ऐकलं नाही. आता तिनं लिहिलेलंही न वाचता जाळलं, तर आपण तिला दुसऱ्यांदा गप्प केल्यासारखं होईल. बेणारेचं स्वगत तेंडुलकरांनी लिहिलंच नसतं तर?"

युक्तिवाद भक्कम आहे. आम्ही त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. बेणारे तेंडुलकरांनी निर्माण केलेली आहे. तिचे स्वगत पहिल्या शब्दापासून आपल्यासाठी, प्रेक्षागृहात बसलेल्यांसाठी लिहिलेले आहे. तेथे आपण डोकावत नाही, आपल्याला बोलावलेले आहे. रिंकोला दूरध्वनी करणारी माणसेही स्वतः होऊन बोलतात. ऐकण्यासाठी ही एक अट लागते की, बोलणाऱ्याने आपल्याकडे तोंड केलेले असावे. आत्याने त्या गाठोड्याचे तोंड कुणाकडे केले होते, हे आम्हांला माहीत नाही. पक्की गाठ मारून तळाशी ठेवलेली वस्तू 'वाचा' असे म्हणत नाही. 'जाळा' असेही म्हणत नाही. तेव्हा आम्ही तिसरी गोष्ट करायचे ठरवले. तिने ज्यांच्याशी आपणहून, तोंडाने काही बोलले असेल, त्या माणसांकडे जायचे आणि ते ऐकायचे. ज्या थोड्या बायका तिच्याकडे पैसे दिल्यावरही कधीतरी बसल्या असतील, त्यांतील काही अजून आहेत.

हे काम संथ चालले आहे. बहुतेकींकडून पुन्हा दिसलेलेच ऐकायला मिळते. एका म्हातारीकडे मात्र आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेस ती आपण होऊन म्हणाली, "तिला म्या एकदा इचारलं होतं लेकरा, एवढ्या राती काय शिवत बसती गं बाई? तर म्हनली, शिवत न्हाई काही. कापड न लावता नुसती मशीन चालवते. घरात आवाज असला की बरं वाटतं."

चाळीस वर्षे सगळ्या आळीने तो दिवा पाहिला. दिव्याखाली कुणाची वाट पाहिली जात असेल, याचे प्रत्येकाने आपापले चित्र रंगवले. मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत येत असे, हेही खरेच आहे. पण तो ऐकून कुणाला काही वाटल्याचे आमच्या कानावर नाही. दिव्यापुढे आवाज कुणाच्या ध्यानात राहिला नाही. आम्ही म्हातारीला विचारले की हे तुम्ही कधी कुणाला सांगितले नाही का. ती म्हणाली, "कुनी इचारलंच न्हाई."

आत्याच्या मनात त्या कंडक्टरविषयी काही होते की नव्हते, हे आम्हांला सांगता येणार नाही, आणि ते जाणून घेण्याची इच्छा आमच्या मनात नाही असेही आम्ही म्हणणार नाही. असेल तर असो. वासना ही काही फक्त तोक्योच्या पावसात भिजणाऱ्यांची मिरास नव्हे. कोरड्या जूनमध्ये, दोन खोल्यांत, शिलाई मशीनपाशी बसलेल्या बाईलाही तिचा तेवढाच अधिकार आहे, आणि ती आपल्यापाशीच ठेवण्याचाही. या लेखात आम्ही तिचे नाव घातले नाही, घराची खूण दिली नाही. कुणी वाचून ओळखलेच, तर त्याने एवढे करावे की तिच्याशी त्याचे कधी काही बोलणे झाले असल्यास ते आम्हांला सांगावे. दिसलेले नको.

गाठोडे सध्या आमच्याकडे आहे. भावंडांचा आणि आमचा वाद मिटलेला नाही, आणि त्यांचे म्हणणे एखादे दिवशी आम्हांला पटेलही. तोवर गाठ आहे तशी आहे.